साठवलेला माल, साठलेला माल

एप्रिल लागला की आमच्या रामबागेतल्या घराच्या गच्चीवर गव्हाची चादर पसरते. सिहोरकडचा शरबती, तीन क्विंटल. आई आणि काकू दोन दिवस निवडत बसतात. मग हाताला एरंडेल लावून तो चोळायचा, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचा आणि कोठीत भरायचा. पुढच्या एप्रिलपर्यंत पोळीची चिंता मिटली. इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांत ही पद्धत अजून टिकून आहे. फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्यांनीही सोडलेली नाही, कोठी फक्त पलंगाखाली सरकली आहे.

त्याच दिवसांत तोच गहू आणखी तीन ठिकाणी पडून असतो. एक, शेतकऱ्याच्या घरी, भाव चढेल या आशेवर राखलेला. दोन, छावणीच्या मंडीतल्या व्यापाऱ्याच्या गोदामात, थप्प्या लावलेला. तीन, हमीभावाने खरेदी होऊन सरकारी गोदामात गेलेला. वस्तू एकच, आणि चारही ठिकाणी ती नुसती पडून आहे. पण देशाचा हिशेब लिहिणारे लोक त्या तीन जागांना 'साठा' म्हणतात आणि आमच्या कोठीकडे ढुंकूनही बघत नाहीत. असं का, ते शेवटी सांगतो. आधी हा साठा जीडीपीच्या तक्त्यात शिरतो कसा ते पाहू. 'साठ्यातील बदल' नावाची एक बारीक रांग त्या तक्त्यात असते. बातमी लिहिणारे ती ओलांडून पुढे जातात. मला विचाराल तर सगळ्यात बोलकी रांग तीच.

राजवाड्याच्या मागे आमच्या ओळखीच्या एका काकांचं तयार कपड्यांचं दुकान आहे. पेपरात जीडीपीचा आकडा आला की 'तू हिशेबातला माणूस' म्हणून ते मला धरतात. एकदा मी बोलून बसलो की न विकलेला मालसुद्धा जीडीपीत धरतात. काका उखडलेच.

"अरे, माझ्याकडे मागच्या दिवाळीचे कुर्ते पडून आहेत. ती काय देशाची प्रगती झाली का?"

"मागच्या दिवाळीचे ना काका? मग ते मागच्याच वर्षी मोजून झाले. यंदाच्या आकड्यात त्यांचं काही नाही."

"म्हणजे मी गाळात आणि देश वर?"

त्यांचा प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढंच की जीडीपी विक्री मोजत नाही, निर्मिती मोजतो. एका वर्षात देशात जे तयार झालं त्याची ती किंमत. आता ही किंमत दोन बाजूंनी काढता येते. कारखाने, शेतं, दुकानं यांनी किती मूल्य निर्माण केलं ते बेरजेला घ्यायचं, ही एक बाजू. तयार झालेलं शेवटी कोणी घेतलं ते बघायचं, ही दुसरी: घरांनी खर्च केला, सरकारने केला, उद्योगांनी यंत्रं आणि इमारती घेतल्या, परदेशाने घेतलं, आणि आपण परदेशाकडून आणलं ते वजा. दोन्ही बाजू एकाच वस्तूची मोजणी करत असल्यामुळे बेरीज जुळली पाहिजे. पण जे तयार झालं आणि कोणीच घेतलं नाही, त्याचं काय करायचं?

हिशेबवाल्यांनी यावर सरळ तोड काढली. कोणी घेतलं नाही ना, मग ते ज्याच्याकडे पडून आहे त्यानेच ते स्वतःसाठी घेतलं असं धरायचं. ती त्याची गुंतवणूक. म्हणून 'साठ्यातील बदल' ही रांग यंत्रं आणि इमारतींच्या शेजारी, भांडवल निर्मितीच्या घरात बसते. काकांनी कुर्ते विकले नाहीत, तर त्या वर्षापुरते काकाच त्या कुर्त्यांचे गिऱ्हाईक.

आता आकडे घेऊ. इंदूर आहे, म्हणजे शेवेचा कारखानाच घ्यायचा. कच्च्या मालाचा हिशेब सोपेपणासाठी बाजूला ठेवू. पहिल्या वर्षी १०० लाखांची शेव बनली, ९० लाखांची खपली, १० लाखांची गोदामात राहिली. घरांचा खर्च ९०, साठ्यातील बदल अधिक १०, एकूण १००. निर्मितीही १००. जुळलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा १०० लाखांची बनली, पण खप झाला १०५ चा. जास्तीचे ५ आले जुन्या शिलकीतून. (खऱ्या शेवेला एव्हाना खवट वास आला असता, उदाहरणातली टिकते.) घरांचा खर्च १०५, साठ्यातील बदल वजा ५, एकूण १००. पुन्हा जुळलं.

साठ्याची रांग काढून टाकली तर काय दिसेल? पहिल्या वर्षी ९०, दुसऱ्या वर्षी १०५, म्हणजे जवळजवळ १७ टक्के वाढ. प्रत्यक्षात कढया तेवढ्याच, कारागीर तेवढेच, बनलेली शेव तेवढीच. वाढ शून्य. ही रांग नसती तर एका वर्षाची मेहनत दुसऱ्या वर्षाच्या नावावर जमा झाली असती. काकांचे जुने कुर्ते यंदा विकले गेले तरी हेच होईल: घरांच्या खर्चात कुर्त्याची किंमत चढेल, साठ्यातून काकांनी तो घेतला ती किंमत उतरेल, आणि यंदाच्या जीडीपीत उरेल ती फक्त काकांची विकण्याची मेहनत. काकांना हे ऐकून बरं वाटलं नाही. पण हिशेब म्हणून पटलं.

इथपर्यंत बहुतेकांना समजतं. पुढची पायरी मात्र भल्याभल्यांना चकवते. जीडीपीत साठा जात नाही, साठ्यातला बदल जातो. आणि जीडीपीच्या वाढीत त्या बदलातला बदल जातो. शेवेकडेच परत या. समजा दुसऱ्या वर्षी ९६ लाखांची खपली आणि शिलकीत आणखी ४ लाखांची भर पडली. गोदामात माल १० होता, तो १४ झाला, म्हणजे वाढलाच. तरी वाढीच्या हिशेबात ही रांग वजा ६ दाखवेल, कारण मागच्या वर्षी भर १० ची होती आणि यंदा ४ चीच आहे. खप ६ ने वाढला, साठ्याने ६ खाल्ले, निर्मिती जागच्या जागी.

आमच्याकडे नळाला पाणी आलं तर 'नर्मदा आली' म्हणतात, आणि तीही एक दिवसाआड येते. ज्या दिवशी येते त्या दिवशी सगळं घर टाकीकडे डोळे लावून असतं. धार बारीक झाली तरी टाकीतलं पाणी चढतच असतं, पण आजी धार बघते आणि म्हणते, "आज काही खरं नाही." जीडीपीच्या वाढीचा आकडा आजीसारखा आहे. टाकी किती भरली याच्याशी त्याला कर्तव्य नाही, धार मागच्या वेळेपेक्षा जाड की बारीक एवढंच तो बघतो.

अमेरिकेत २०२१ च्या शेवटच्या तिमाहीत हे ठळक दिसलं. तेव्हाच्या आकड्यांप्रमाणे अर्थव्यवस्था वार्षिक दराने सुमारे ७ टक्के वाढली, आणि त्या ७ पैकी जवळजवळ ५ एकट्या साठ्यामुळे होते. करोनाच्या काळात रिकामी झालेली गोदामं आणि मोटारींची शोरूम पुन्हा भरली जात होती. पुढच्याच तिमाहीत जीडीपी घटला. त्यात आयातीचा हात मोठा होता, पण साठ्याच्या रांगेनेही खाली ओढलं. गोदामं तेव्हाही भरतच होती, धार बारीक झाली होती.

साठ्यात काय काय येतं? शेवेच्या कारखान्यातलं बेसन आणि तेल हा कच्चा माल. पीथमपूरच्या एखाद्या कारखान्यात दरवाजे लागायचे राहिलेलं वाहन हा अर्धवट माल. पाकिटात भरून ठेवलेली शेव हा तयार माल. आणि सियागंजातल्या ठोक व्यापाऱ्याने स्वतः काही न बनवता विकण्यासाठी आणून ठेवलेली हळद, तीही साठाच. वस्तू कोणती यापेक्षा ती कोणाकडे आणि कशासाठी आहे याला महत्त्व. शोरूममधली मोटार साठा. तीच टॅक्सीवाल्याने घेतली की स्थिर भांडवल. तीच मास्तरांनी घेतली की घरखर्च. दुधाची म्हैस भांडवलात, कापायचा बोकड साठ्यात.

सराफ्यात तर दिवसा एक हिशेब आणि रात्री दुसरा. दिवसा सोनाराच्या काचेतली पाटली हा त्याचा साठा आहे. तुम्ही ती गुंतवणूक म्हणून घरी नेलीत तर त्यासाठी भारताच्या तक्त्यात 'मौल्यवान वस्तू' अशी वेगळीच रांग आहे. रात्री दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस आणि गराडू सुरू होतात. तिथे कढईतून पानात आणि पानातून पोटात. साठ्याचा प्रश्नच नाही. सेवांचंही तसंच. न्हाव्याची खुर्ची दुपारभर रिकामी राहिली तर ती दुपार गोदामात ठेवता येत नाही.

आता थोडं मोजणीबद्दल, कारण माझा जीव तिथे रमतो. मी एका सीएंकडे आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठीची उमेदवारी, करत होतो. ३१ मार्चची रात्र म्हणजे आमची दिवाळी. संध्याकाळी शहराबाहेरच्या सोया प्लांटवर पोचायचं आणि सकाळपर्यंत गोदामाची मोजदाद. बोऱ्यांची थप्पी लांबीत किती, रुंदीत किती, उंचीत किती, गुणाकार करा. सोपं वाटतं. पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्या हम्मालाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "भिया, ऊपर चढ़ के देखो. बीच में से पोली तो नहीं है?" थप्पी बाहेरून भरीव आणि मधून पोकळ असू शकते, हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून मी वर चढल्याशिवाय सही केली नाही. तेलाच्या टाकीत वरून फीत सोडायची, ओली खूण किती सेंटिमीटरवर आली ते बघायचं आणि टाकीच्या तक्त्यावरून लिटर काढायचे. सोयाबीनमधून तेल निघतं वजनाच्या १८ टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक ढेप. म्हणून ढेपेचे डोंगर मोठे आणि टाक्या लहान.

माझी फजिती झाली ती सोयाबीनमध्ये नाही, कापडात. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधल्या एका पेढीवर मी तीन तास थान मोजले, बेरीज केली आणि रुबाबात कागद मुनीमजींपुढे ठेवला. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "भिया, ये पीछे वाली अलमारी का माल अपना नहीं है. जांगड का है." जांगड म्हणजे पसंतीसाठी आणलेला माल. विकला तर पैसे द्यायचे, नाही तर परत. माल या दुकानात, मालकी त्या दुकानात. मी मोजला असता आणि खऱ्या मालकानेही मोजला असता तर तेच थान दोन वह्यांत उभे राहिले असते. पुन्हा सगळं मोजलं. घरी गेलो तेव्हा दूधवाला आला होता.

हा नियम देशाच्या हिशेबातही तसाच आहे: साठा ज्याच्या मालकीचा त्याच्या नावावर. कारखान्याने व्यापाऱ्याला माल विकला तर कारखान्याचा साठा कमी, व्यापाऱ्याचा तेवढाच जास्त, देशाचा होता तिथेच. दिवाळीच्या आधी सप्टेंबरात माल कारखान्यातून ठोकवाल्याकडे, ठोकवाल्याकडून काकांकडे धावत असतो. बाजार गजबजलेला दिसतो, उधारीच्या चिठ्ठ्या फिरतात. गिऱ्हाईकाच्या पिशवीत पडेपर्यंत तो सगळा साठाच. ३० सप्टेंबरला संपणाऱ्या तिमाहीत तो फुगतो, आणि दिवाळी कधीही आली तरी पुढच्या तिमाहीतच येत असल्यामुळे तेव्हा उतरतो.

घटही समजून घ्यायला हवी. गोदामात सोयाबीन वाळतं, उंदीर खातात, बोरी फाटते. दरवर्षी होणारी अशी घट साठ्यातून माल काढल्यासारखीच धरतात, म्हणजे ती निर्मितीच्या आकड्यातून वजा होते. पण गोदामाला आग लागली किंवा पूर आला तर ते नुकसान जीडीपीत येत नाही. ते वेगळ्या खात्यात जातं, कारण माल तर तयार झालाच होता. मालकाला हा भेद सांगायला जाऊ नये.

सगळ्यात किचकट भाग भावाचा. समजा एका व्यापाऱ्याकडे १ एप्रिलला १०० क्विंटल सोयाबीन होतं, भाव ४,५०० रुपये. वहीत साठा साडेचार लाखांचा. वर्षाअखेर त्याच्याकडे १२० क्विंटल आहे आणि तो ५,००० च्या भावाने धरलेला आहे, म्हणजे सहा लाख. वही म्हणते साठा दीड लाखाने वाढला. देशाचा हिशेब म्हणतो, थांबा. माल वाढला फक्त २० क्विंटल. वर्षाचा सरासरी भाव ४,७५० धरला तर ही भर ९५ हजारांची. बाकीचे ५५ हजार कुठून आले? माल बसल्या जागी महाग झाला म्हणून. त्यात कोणी काही पिकवलं नाही, बनवलं नाही. व्यापाऱ्याचा तो नफा असेल, देशाची निर्मिती नाही. म्हणून तो काढून टाकतात. कंपन्यांच्या वह्यांमध्ये 'आधी आलेला माल आधी गेला' असा हिशेब सर्रास चालतो. त्यात भाव चढते असले की जुन्या स्वस्त मालाची किंमत नव्या महाग विक्रीसमोर येते आणि नफा फुगतो. तो फुगवटा उतरवणं हे सांख्यिकीवाल्यांचं नेहमीचं काम. महागाईच्या वर्षात कंपन्यांचे नफे आणि जीडीपी यांची दिशा वेगळी दिसली, तर एक संशयित हाही असतो.

आता येतो तो प्रश्न ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं. साठा वाढला ही बातमी चांगली की वाईट?

मराठीत साठवणे आणि साठणे अशी दोन क्रियापदं आहेत, आणि अर्थशास्त्रातल्या एका अख्ख्या वादाचं काम ती करून टाकतात. साठवलेला माल म्हणजे दुकानदाराने पुढच्या खपाचा अंदाज बांधून मुद्दाम भरलेला. साठलेला माल म्हणजे खपलाच नाही म्हणून उरलेला. बाजारात म्हणतात तसा 'बसलेला'. पहिला विश्वासातून येतो, दुसरा फसलेल्या अंदाजातून. तक्त्यात दोन्ही एकाच रांगेत, अधिक चिन्ह लावून, शेजारी शेजारी बसतात. त्या आकड्यावरून तुम्हाला कोण कोणता हे कळणार नाही. मी काकांना त्यांच्या फळीकडे बोट दाखवून विचारलं होतं, "हे साठवलेलं की साठलेलं?" ते म्हणाले, "दिवाळीच्या आधी विचारलंस तर साठवलेलं. नंतर विचारलंस तर साठलेलं." दोन्ही वेळी कुर्ते तेच.

आणि साठलेला माल नुसता बसत नाही, तो मागे ढकलतो. समजा क्लॉथ मार्केटमधली एक पेढी महिन्याला १०० थान विकते आणि दोन महिन्यांचा, म्हणजे २०० थानांचा, माल हाताशी ठेवते. खप १०० वरून ९० वर आला. फार काही नाही, दहा टक्के. पण आता दोन महिन्यांचा माल म्हणजे १८० थान पुरे. २०० तून ९० गेले, ११० उरले, १८० हवेत, म्हणजे ऑर्डर ७० ची. गिऱ्हाईक दहा टक्क्यांनी कमी झालं आणि मिलची ऑर्डर तीस टक्क्यांनी. पुढच्या महिन्यात खप ९० वरच टिकला तर ऑर्डर पुन्हा ९० ची. मिलवाल्याला वाटतं बाजार कोसळला, मग वाटतं सावरला. बाजार दोन्ही वेळा ९० वरच होता. मिलमागे सूत, सुतामागे कापूस. प्रत्येक पायरीवर हेलकावा मोठा होत जातो. एके काळी इंदुरात मालवा, राजकुमार, कल्याणमल, हुकुमचंद अशा मिलांचे भोंगे वाजत. १९९१ मध्ये हुकुमचंद बंद पडली. आता मिलांच्या नावाने अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, तेवढ्या निघतात. पण थानांचं हे गणित ज्या कुठल्या शहरातून कापड येतं तिथे तसंच चालू आहे.

हा हेलकावा इतका नियमित की त्याला नाव आहे: किचिन चक्र. जोसेफ किचिन यांनी १९२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेचे आकडे तपासून सुमारे ४० महिन्यांचं एक लहान चक्र दाखवलं. अर्थशास्त्रज्ञ लॉइड मेट्झलर यांनी १९४१ मध्ये अशा चक्राचं गणित साठ्याच्या अंगाने मांडलं. गाभा वरच्या थानांसारखाच. म्हणून मंदीच्या काळात ही बारीक रांग आपल्या आकारमानाने शोभणार नाही इतका धुमाकूळ घालते. एरवी भारतात ती जीडीपीच्या एक-दोन टक्क्यांच्या आसपास असते.

परदेशी मालाचं एक सांगायला हवं, कारण तिथे पेपरवालेही चुकतात. सियागंजातल्या व्यापाऱ्याने २० लाखांचं पामतेल बाहेरून आणून ठेवलं, तर साठ्यात अधिक २० आणि आयातीत वजा २०. जीडीपीला फरक शून्य, आणि ते बरोबरच आहे, कारण ते तेल इथे तयार झालेलं नाही. अडचण होते ती दोन्ही आकडे एकाच वेळी नीट न पकडल्यामुळे. बंदरावर माल उतरला की आयातीची नोंद लगेच होते, पण तो कोणाच्या गोदामात गेला हे उशिरा आणि अंदाजाने कळतं. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेत नवे आयातकर लागणार म्हणून कंपन्यांनी माल भरून घेतला. पहिल्या तिमाहीत आयात प्रचंड वाढली, साठाही वाढला, तरी जीडीपी किंचित घटलेला दिसला. दुसऱ्या तिमाहीत उलट. आयात कोसळली, साठ्याने वाढीतून तीन टक्क्यांहून जास्त कापले, आणि तरी जीडीपी वार्षिक दराने तीन टक्क्यांच्या वर वाढला. अर्थव्यवस्था तीन महिन्यांत आजारी पडून बरी झाली असं नव्हतं. माल आधी आला आणि मग वापरला गेला, एवढंच.

आपल्याकडे हे काम राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय करतं. तिमाही संपल्यावर साधारण दोन महिन्यांत आकडा द्यायचा असतो. एवढ्या वेळात देशातल्या सगळ्या थप्प्यांवर कोण चढणार? तेव्हा तिमाहीला हाताशी असलेल्या खुणांवरून अंदाज बांधतात. कंपन्यांचे ताळेबंद, कारखान्यांच्या वार्षिक पाहणीतला सुरुवातीचा आणि अखेरचा साठा, सरकारी गोदामांचे आकडे हे सगळं नंतर येतं आणि मग आकडा बदलतो. त्यावर 'सरकारने आकडा फिरवला' अशी ओरड होते. कधी ती शंका योग्यही असेल, पण साठ्याच्या बाबतीत मी सहसा थांबतो. ज्याने एकदा जांगडचा माल मोजला आहे त्याने थांबावंच. मोजणीतून निसटलेला माल 'विसंगती' नावाच्या रांगेतही जाऊन बसतो. निर्मितीची बाजू आणि खर्चाची बाजू यांत जो फरक उरतो तो तिथे दाखवतात. फरक झाकून न ठेवता तक्त्यात उघडा छापतात, हे मला आवडतं. १९४९ साली महालनोबिस, धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव यांची राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली तेव्हा त्यांच्यापुढे तर आजच्या पासंगालाही पुरणार नाही इतकी माहिती होती.

तर मग आकडा आला की मी काय बघतो? आधी एकूण वाढीतून साठ्याचा वाटा बाजूला काढतो, म्हणजे प्रत्यक्ष किती माल उठला ते कळतं. मग रिझर्व्ह बँकेची कारखान्यांची तिमाही पाहणी उघडतो. ऑर्डरी, साठा आणि कारखान्यांची किती क्षमता वापरात आहे, हे तिच्यात एकत्र असतं. विक्रीच्या मानाने कच्चा माल वाढत असेल तर कारखानदार काहीतरी बनवायच्या तयारीत आहे. तयार माल वाढत असेल आणि ऑर्डरी सुकत असतील तर तो साठलेला. आणि मग राजवाड्यामागे एक चक्कर मारतो. काकांच्या फळीवर 'एकावर एक' ची पाटी लागली असेल तर पुढच्या तिमाहीचं भविष्य मला तिथेच कळतं.

सरकारी गोदामातल्या गव्हाचं एक राहिलं. हमीभावाची खरेदी झाली की तिजोरीतून पैसे जातात, म्हणून तो सरकारी खर्च झाला असं वाटतं. हिशेबात तो त्या वेळी साठ्यात चढतो. रेशनवर वाटला गेला की साठ्यातून उतरतो आणि तेव्हा कुठे 'खाल्ला' असं लिहिलं जातं. व्यापाऱ्याच्या गव्हाचंही तेच, विकेल तेव्हा उतरेल. शेतकऱ्याने विक्रीसाठी राखलेला गहूही तसाच, कारण या हिशेबात शेतकरी हा धंदा करणारा आहे.

आमचं घर मात्र धंदा करत नाही. घरांसाठी नियम असा की वस्तू विकत घेतली त्याच दिवशी तिचा उपभोग झाला. राहतं घर आणि वर सांगितलेलं सोनं अशा थोड्या गोष्टी सोडल्या तर बाकी सगळं, मग ते मुरंब्याच्या बरणीत वर्षभर टिको की कपाटात दहा वर्षं. कोट्यवधी घरांचे डबे उघडून बघायला कोणी जाऊ शकत नाही, आणि गेलं तरी आमची आजी उघडू देणार नाही.

फेब्रुवारीत कोठीचा तळ दिसू लागतो. आजी हात खोल घालून शेवटचे पायली-दोन पायली गहू काढते, कडुनिंबाची काडी झटकते आणि गिरणीत पाठवते. आम्ही त्या पोळ्या मार्चअखेरपर्यंत खातो. देशाच्या वहीत तो गहू आम्ही मागच्या एप्रिलमध्येच, गच्चीवर पसरण्याआधी, संपवलेला असतो.